मोहोराला भिंत हवी

हापूसचे चित्र रत्नागिरीत जिकडेतिकडे आहे. पेटीवर आहे, दुकानाच्या पाटीवर आहे, महामार्गालगतच्या फलकांवर आहे. मोहोराचे चित्र मात्र शोधावे लागते. खरे तर बागायतदाराचे अख्खे वर्ष त्या मोहोरावर ठरते. थंडी वेळेवर पडली का, तुडतुडा आला का, भुरी बसली का, अवकाळी पावसाने मोहोर काळा पडला का, ही चौकशी डिसेंबरपासून घराघरात चालते. एका तुऱ्यावर शेकड्यांनी, कधी हजारांनी फुले येतात. एकेक फूल जेमतेम सात-आठ मिलिमीटरचे. त्यांतली बरीचशी नुसती नर फुले, काही द्विलिंगी; आणि शेवटी फळ धरून टिकतात ती शंभरात एकसुद्धा भरत नाहीत. ज्यात एवढे घडते आहे अशा फुलोऱ्याचे छायाचित्र मोठे करून भिंतीवर लावावे असे आपल्याला का वाटत नाही? कारण त्याला डोळ्यात भरणारा रंग नाही. रंगीत छायाचित्रात मोहोर पिवळट-हिरवट गर्दीसारखा दिसतो आणि मागच्या पानांत मिसळून जातो. तोच तुरा कृष्णधवल छायाचित्रात पाहिला की मधला दांडा, त्यातून फुटलेल्या आणि टोकाकडे आखूड होत गेलेल्या शाखा, प्रत्येक शाखेवर तोललेली फुले अशी सगळी बांधणी उघडी होते. फुलांचे कृष्णधवल छायाचित्रण ही स्वतंत्र ललित कला आहे, रंगीत चित्रातून रंग वजा केल्यावर उरलेली बाकी नव्हे, असे माझे म्हणणे आहे. आणि ही कला ओळखून तिला जागा देण्याचे काम रत्नागिरीइतके दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याला साजणार नाही.

हे म्हणणे आधी तंत्राच्या बाजूने तपासून पाहू, कारण कलेचा प्रश्न इथे तंत्रातूनच उभा राहतो. परसातली तांबडी जास्वंद घ्या. हिरव्या पानांत ती लांबूनही लखलखते. पण छायाचित्र सरळसोट कृष्णधवल केले तर फूल आणि पान जवळजवळ एकाच करड्या छटेत बुडून जातात. उजळपणा मोजण्याच्या प्रचलित सूत्रात हिरव्याला सुमारे ५९ टक्के, तांबड्याला ३० टक्के आणि निळ्याला ११ टक्के वजन असते. त्या हिशेबाने जास्वंदीचा भडक तांबडा आणि तिच्या पानाचा गडद हिरवा शेजारीशेजारी येऊन बसतात. आता भिंगापुढे तांबडी काच लावली, किंवा आजच्या पद्धतीने संगणकावर तांबड्याचे वजन वाढवले, तर जास्वंद जवळजवळ पांढरी होते आणि पाने काळोखात जातात. हिरवी काच लावली तर उलट घडते: फूल काळे, पाने उजळ. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक काचपट्ट्यांना तांबडा दिसतच नसे, त्यामुळे त्या काळी टिपलेली तांबडी फुले काळी आली. म्हणजे या छायाचित्रात जास्वंद पांढरी असावी की काळी, हे ठरवणारा माणूस लागतो. रंगीत छायाचित्रात फुलाचा रंग फुलाकडून आयता मिळतो. कृष्णधवलात प्रत्येक छटेची जबाबदारी छायाचित्रकारावर येते. अमेरिकेत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४०च्या सुमारास निखळ काळ्यापासून निखळ पांढऱ्यापर्यंत छटांच्या अकरा पायऱ्या कल्पून, समोरच्या दृश्यातली कोणती जागा कोणत्या पायरीवर बसवायची हे आधी मनात ठरवण्याची रीत घालून दिली. गवयाने स्वर लावण्याआधी षड्ज कायम करावा, तसेच हे आहे. जिथे असा निर्णय घ्यावा लागतो आणि तो चुकूही शकतो, तिथे यंत्राने केलेली नक्कल म्हणून हात झटकता येत नाहीत.

पांढऱ्या फुलाची कसोटी त्याहून कडक आहे, आणि कोकणात तर पांढऱ्या फुलांचेच राज्य आहे. अनंत, मोगरा, जाई, जुई, कुडा, तगर, सोनटक्का ही फुले आपण रंगासाठी ओळखत नाही; वासाने ओळखतो, पाकळीच्या ठेवणीने ओळखतो. पावसाळ्यात सड्यावर उगवणारी फोडशी आपण भाजीसाठी खुडतो, तिच्या पांढऱ्या चांदणीसारख्या फुलाकडे क्वचितच वाकून बघतो. पहिल्या पावसानंतर कातळावर उमलणारी पांढरी दिपकाडी तर आपल्या भूमीची खास. तिच्या शास्त्रीय नावातच कोकण आहे. अशा फुलाचे चित्र घेताना कॅमेऱ्यातले प्रकाशमापक दगा देते. समोरचे सगळे दृश्य मध्यम करडे आहे असे ते धरून चालते. फुलाने चौकट भरली तर ते पांढऱ्याला मळकट करते. आणि भिजून काळ्याभोर झालेल्या कातळाने चौकट भरली तर ते कातळाला उजळायला जाऊन फूल पार जाळून टाकते, पाकळीवरची एक शीर शिल्लक ठेवत नाही. काळा कातळ काळाच राहावा आणि त्यावरच्या पांढऱ्या पाकळीतली दुमड, तिच्या कडेची सावली, देठाकडची किंचित मंद होत गेलेली झाक हे सारे कागदावर उतरावे, यासाठी मोजून प्रकाश द्यावा लागतो. निसर्ग इथे मदतीला आहे. आषाढातल्या ढगाळ आभाळाखाली जो मऊ, दिशाहीन उजेड सड्यावर पसरतो, तसा मिळवण्यासाठी शहरातल्या स्टुडिओत दिव्यांपुढे पांढरी कापडे ताणावी लागतात.

यावरचा पहिला आक्षेप अगदी स्वाभाविक आहे. फुलाचा रंग हेच त्याचे सत्य; तो काढून घेतला की फूल खोटे झाले. पण हे सत्य कोणाचे? फुलाने रंग धारण केला तो माणसासाठी नाही, परागण करणाऱ्या जिवांसाठी. मधमाशीला आपला तांबडा रंग दिसत नाही आणि आपल्याला न दिसणारे अतिनील किरण तिला दिसतात. जी पाकळी आपल्याला कोरी पिवळी भासते तिच्यावर मधमाशीसाठी खुणा असू शकतात. म्हणजे आपले रंगीत छायाचित्रसुद्धा अनेक आवृत्त्यांपैकी एकच आवृत्ती झाली. शिवाय मंद उजेडात आपण स्वतःच रंग पाहायचे सोडून देतो. डोळ्यात अंधुक प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशी रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींच्या सुमारे वीस पट आहेत, आणि त्यांना रंग कळत नाही. दिवेलागणीनंतर जास्वंद काळसर दिसू लागते आणि अनंताचे फूल उजळते ते यामुळेच. रात्री उमलणारी बहुतेक फुले पांढरी आणि सुवासिक का, याचेही उत्तर तिथेच आहे: पतंगांना ती काळोखात सापडावी लागतात. चांदण्यात अंगणातली जाई पाहणाऱ्या प्रत्येक कोकणी माणसाने फुले कृष्णधवल पाहिलेली असतात आणि त्यांत काही उणे आहे असे त्याला कधी वाटलेले नसते.

दुसरा आक्षेप अधिक भारदस्त आहे, आणि तो एका मोठ्या छायाचित्रकाराने मांडलेला असल्यामुळे त्याला नीट उत्तर द्यायला हवे. रघुबीर सिंग (१९४२-१९९९) यांनी भारताचे रंगीत छायाचित्रण जगासमोर नेले, मुंबईवर पुस्तक केले, आणि १९९८च्या ‘रिव्हर ऑफ कलर’ या ग्रंथात असा युक्तिवाद केला की भारतीय दृष्टी मुळातच रंगात विचार करते. त्यांच्या मते कृष्णधवल ही पाश्चात्त्य मनाची, तिथल्या एकाकीपणाची आणि अपराधभावाची भाषा आहे. त्यांच्या कामाविषयी पूर्ण आदर ठेवूनही हे मत मला मान्य नाही, आणि ते खोडायला रत्नागिरीच्या बाहेर जावे लागत नाही. उक्षी, जांभरुण, काशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे या ठिकाणची कातळशिल्पे २०२२मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्या चित्रांत रंगाचा ठिपका नाही. जांभ्यात खोदलेली रेघ आणि त्या रेघेत पडणारी सावली, एवढ्यावर काशेळीचा प्रचंड हत्ती उभा आहे. भर दुपारी ही शिल्पे सपाट वाटतात. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात खाचेत सावली भरली की आकृती उठून येते. प्रकाश आणि छाया यांच्यावर चित्र तोलण्याची ही रीत आपल्या कातळावर छायाचित्रणाच्या कित्येक शतके आधीपासून आहे. शेणाने सारवलेल्या अंगणातली पांढरी रांगोळी, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली वारली चित्रे, मुघल दरबारातली शाईच्या रेषेवर उभी असलेली नीम कलम शैली, ही सगळी रंग आवरून धरण्याची भारतीय उदाहरणे आहेत. आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ हा चित्रपट १९५३ सालचा, कृष्णधवल. पालगडच्या साने गुरुजींचे कोकण त्यात पडद्यावर आले. हिरवा रंग नाही म्हणून ते कोकण वाटले नाही, अशी तक्रार कुणा मराठी प्रेक्षकाने केली नाही. आणि आपल्या भाषेने या कलेला नाव काय दिले? छायाचित्र. नावातच रंग नाही, छाया आहे.

जगात या कलेने काय मिळवले तेही पाहावे. कार्ल ब्लॉसफेल्ट हे बर्लिनच्या कलाशाळेतले शिक्षक. वनस्पतींच्या घडणीवरून विद्यार्थ्यांनी नक्षीकाम आणि शिल्पकाम शिकावे म्हणून त्यांनी स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्याने कोंब, कळ्या, उलगडणाऱ्या नेच्याची टोके तीस-तीस पटींपर्यंत मोठी करून टिपली. १९२८ साली ती ‘उरफॉर्मेन डेर कुन्स्ट’, म्हणजे कलेची आदिरूपे, या नावाने प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांची साठी उलटून गेली होती. पाहणाऱ्यांना त्या कोंबांत लोखंडी जाळ्या, धर्मगुरूंचे दंड, देवळांचे खांब दिसले. रंग असता तर ते फक्त कोंब दिसले असते. इमोजेन कनिंगहॅम यांचे ‘मॅग्नोलिया ब्लॉसम’ १९२५चे. घरी लहान मुले असल्यामुळे बाहेर फिरणे अवघड झाले, तेव्हा या अमेरिकन छायाचित्रकाराने बागेतल्या झाडांकडे कॅमेरा वळवला. मॅग्नोलिया म्हणजे आपल्या सोनचाफ्याच्याच कुळातले फूल. त्यांनी पाकळ्या चौकटीच्या कडांवर सोडून दिल्या आणि मधला शंकू, त्याभोवतीचे पुंकेसर यांवर सगळी नजर खिळवली. आपण सोनचाफा रोज पाहतो, केसांत माळतो, देवाला वाहतो. पण त्याच्या मध्याची ती चक्राकार मांडणी किती जणांनी पाहिली आहे? सोनेरी रंग आणि वास आपल्याला तिथवर पोचू देत नाहीत. पुढे रॉबर्ट मॅपलथॉर्प यांनी १९८०च्या दशकात पांढऱ्या कॅला लिलीला संगमरवराचे गांभीर्य दिले आणि ही चित्रे मोठमोठ्या संग्रहालयांत गेली. रंगाविना वनस्पती पाहण्याशी कोकणी माणसाचा संबंध तर त्याहून जुना आहे. अ‍ॅमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत छापल्या गेलेल्या ‘होर्तुस मलाबारिकुस’मध्ये सातशेहून अधिक वनस्पतींची चित्रे ताम्रपटांवरून काळ्या शाईत छापलेली आहेत, त्या ग्रंथाला माहिती पुरवणाऱ्यांत रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट हे कोचीनला राहणारे कोकणी वैद्य होते, आणि त्यांचे नागरी लिपीतले प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे.

मात्र ज्याचे त्याचे श्रेय त्याला द्यायला हवे. वनस्पती ओळखण्यासाठी, नोंदीसाठी, संवर्धनासाठी रंगीत छायाचित्रच लागते. श्रीकांत इंगळहळीकर यांच्या ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ने २००१ साली हजारो सामान्य वाचकांना रानफुले ओळखायला शिकवले, ते काम कृष्णधवलात झालेच नसते. सड्यावरच्या सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा पट्टा कृष्णधवलात फिका डाग होऊन बसतो. कवल्याच्या पिवळ्या फुलावरचे तांबडे ठिपके हेच त्याचे रूप. ते घालवून काही मिळत नाही. अशा फुलांना रंगातच ठेवावे. उलट, गेंदाचे पांढरे गोल बोंडूक, दिपकाडी, नारळाची नुकती उकललेली पोय, काजूचा मोहोर, सुकून कुरळ्या झालेल्या अनंताच्या पाकळ्या, या विषयांना रंगाने काही मिळत नाही आणि छटांनी खूप मिळते. कोणते फूल कोणत्या भाषेत बोलते हे ओळखणे, हाही या कलेचाच भाग आहे.

तिसरा आक्षेप आजचा आहे: फोनवर एक कळ दाबली की चित्र कृष्णधवल होते, मग त्यात कला कसली? हा आक्षेप निम्मा बरोबर आहे. नुसता रंग काढल्याने चित्र कलाकृती होत नाही, आणि फसलेले रंगीत छायाचित्र गंभीर दिसावे म्हणून करडे करून टाकणारे लोक या कलेचे नुकसानच करतात. पण कळ दाबल्यावर छटा कोण ठरवते? फोन बनवणाऱ्याने आधीच घालून दिलेले सूत्र. जास्वंद आणि तिचे पान त्यात एकच होऊन जातात ते याचमुळे. म्हणून परीक्षकांनी एक साधी कसोटी लावावी. या चित्रात रंग परत आणला तर काही हरवेल का? काहीच हरवणार नसेल, तर ते चित्र रंगीतच राहायला हवे होते. आकार हरवणार असेल, पाकळीचा पोत दिसेनासा होणार असेल, नजर मधल्या शंकूवरून उडून पाकळीच्या रंगावर जाणार असेल, तर छायाचित्रकाराने रंग विचारपूर्वक सोडला आहे. या कसोटीवर फोनने काढलेले चित्रही उतरू शकते. महागड्या कॅमेऱ्याने काढलेले नापास होऊ शकते.

रंगाच्या हव्यासाची एक किंमत आपण प्रत्यक्ष मोजतो आहोत, तीही सांगितली पाहिजे. कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आले आणि फुलांच्या गालिच्याचे चित्र घराघरात पोचले. त्या गालिच्यासाठी येणाऱ्या गर्दीला आवर घालायला प्रवेशाची मर्यादा, शुल्क, पहारा असे सगळे करावे लागले. गालिचा हवा असणाऱ्याला फुलांचे क्षेत्र लागते. क्षेत्र हवे असले की माणसे आत शिरतात. एकाच फुलापुढे गुडघे टेकून तासभर बसणाऱ्याला सड्याचा हातभर तुकडा पुरतो. रत्नागिरीचे सडे कासइतके रंगीत नाहीत, म्हणून ते ओसाड समजले जातात. जमिनीच्या व्यवहारात तर कातळाला पडीक म्हणायची आपली जुनी सवय आहे. त्या कातळावरच्या पांढऱ्या, बारीक, क्षणभंगुर फुलांची उत्तम चित्रे लोकांसमोर आली तर पडीक हा शब्द उच्चारण्याआधी माणूस थोडा थांबेल. कृष्णधवल छायाचित्रांनी सडे वाचतील असा दावा मी करत नाही. पण जे दिसतच नाही ते वाचवायला कुणी पुढे येत नाही.

छायाचित्र ही कला आहे की नाही, हा वाद कायद्याने तरी कधीच मिटवला आहे. १९५७च्या कॉपीराइट अधिनियमात कलाकृतीच्या व्याख्येत चित्र, शिल्प, रेखाटन यांच्या रांगेत छायाचित्र बसवलेले आहे. २०१२च्या दुरुस्तीने उरलेला भेदही गेला: आधी छायाचित्राचा हक्क प्रकाशनापासून साठ वर्षे असे, आता चित्रकाराप्रमाणेच छायाचित्रकाराच्या हयातीनंतर साठ वर्षे टिकतो. टिकण्याचा प्रश्न निघालाच आहे तर आणखी एक. पूर्वी नीट धुतलेले चांदीच्या क्षारांवरचे कृष्णधवल छायाचित्र रंगद्रव्यांच्या जुन्या रंगीत छायाचित्रापेक्षा कितीतरी अधिक काळ टिकते. १९७०-८०च्या दशकातले लग्नाचे रंगीत अल्बम तांबूस होऊन विटले आणि त्याआधीच्या पिढीचे कृष्णधवल फोटो अजून स्वच्छ आहेत, हे कोकणातल्या दमट हवेत घराघरात दिसते. संग्रह करणाऱ्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

जिल्ह्यात या कलेला लागणारे सगळे आहे. सावर्डे आणि देवरुख इथे कला महाविद्यालये आहेत, देवरुखला लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालय आहे, थिबा राजवाड्यात शासकीय संग्रहालय आहे. कला महाविद्यालयांनी निसर्गचित्रणाच्या शेजारी फुलांच्या कृष्णधवल छायाचित्रणाला बसवावे. विद्यार्थ्याला पेन्सिलीच्या छटा शिकवताना त्याच हाताने कॅमेऱ्याच्या छटा शिकवाव्यात. छायाचित्र स्पर्धा भरवणाऱ्यांनी या प्रकाराचा स्वतंत्र विभाग ठेवावा आणि त्याच्या परीक्षणाला चित्रकारही बोलवावेत. पडद्यावरच्या बोटभर चित्राने या कलेला न्याय मिळत नाही. तिला चांगला कागद, मोठा आकार आणि भिंत लागते. यंदाही थंडी पडली की कलमांवर मोहोर येईल. बागायतदार तो भिंग घेऊन बघतीलच. छायाचित्रकारांनीही कॅमेरा घेऊन कलमाखाली जावे, आणि संग्रहालयांनी त्यांच्याकडून दहा चांगली चित्रे रीतसर पैसे देऊन विकत घ्यावीत आणि कातळशिल्पांच्या छायाचित्रांशेजारी लावावीत.